चांदीच्या नाण्यावरचे इंद्रधनुष्य

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी आमच्या घरी एक काम ठरलेले असे. आजी देवघरातल्या डब्यातून सात-आठ बंदे रुपये काढी. कोणी राणीछाप, कोणी राजाछाप. वर्षभर डब्यात राहून ते काळपट झालेले असत. चिंच आणि रांगोळी घेऊन ते लख्ख पांढरे करण्याचे काम माझ्याकडे असे. त्यांतला एक रुपया मात्र काळा नव्हता. त्याच्या कडेला सोनेरी, त्याच्या आत तांबूस-जांभळी आणि मध्ये निळी झाक होती. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसते तशी. मला वाटले, हाच सर्वांत मळलेला. म्हणून तो मी सर्वांत जास्त वेळ घासला.

पुढे कॉलेजात असताना ते रुपये मी एका नाणेसंग्राहक गृहस्थांना दाखवले. त्यांनी तो रुपया भिंगाखाली धरला, जरासा तिरपा केला आणि परत माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, "हा तुम्ही घासलेला दिसतो. घासला नसता तर मी याला चांगली किंमत दिली असती. आता फार तर चांदीच्या भावाने घेईन."

मी बुचकळ्यात पडलो. मळ काढल्यावर वस्तूची किंमत वाढायला हवी, कमी कशी होते? आणि तो रंग मळ नसेल, तर होता तरी काय?

विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नांचा उलगडा ज्या नाण्यांवरून सर्वांत चांगला होतो ती नाणी आपल्याकडची नाहीत, अमेरिकेची आहेत. त्यांना 'मॉर्गन डॉलर' म्हणतात. जॉर्ज मॉर्गन या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या कोरक्याने त्यांचा ठसा तयार केला, म्हणून हे नाव. हे डॉलर १८७८ ते १९०४ या काळात आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडले गेले. (२०२१ मध्ये शंभर वर्षांची आठवण म्हणून केवळ संग्राहकांसाठी ते पुन्हा निघाले, ती गोष्ट वेगळी.) नाणे चांगले थोरले. व्यास ३८.१ मिलिमीटर, वजन २६.७३ ग्रॅम, त्यात ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबे.

एवढी नाणी लोकांना हवी होती म्हणून पाडली, असे मात्र नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात चांदीच्या मोठ्या खाणी लागल्या होत्या. खाणमालकांच्या दबावाने १८७८ साली असा कायदा झाला की, सरकारने दर महिन्याला २० ते ४० लाख डॉलर किमतीची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडलीच पाहिजेत. लोकांना तर इतके जड नाणे खिशात बाळगणे नकोसे वाटे. मग ही नाणी जाणार कुठे? एक हजार डॉलर एका जाड कॅनव्हासच्या पिशवीत भरायचे, तोंड बांधायचे आणि पिशवी तिजोरीत रचून ठेवायची. एकेक पिशवी पावणेसत्तावीस किलोंची. अशा पिशव्यांच्या थप्प्याच्या थप्प्या साठ-साठ, ऐंशी-ऐंशी वर्षे अंधारात पडून राहिल्या.

आता पिशवीच्या आत काय घडत होते ते पाहू. आत मधोमध असलेली नाणी एकमेकांना चिकटून होती, त्यांना फारसे काही झाले नाही. ती पांढरीच राहिली. पण कडेची जी नाणी कापडाला टेकून होती, त्यांचा संबंध कॅनव्हासमधील गंधकाच्या संयुगांशी आला. चांदीचे गंधकाशी फार सख्य. हवेत हायड्रोजन सल्फाइड हा वायू अगदी नाममात्र असला तरी चांदी त्याला सोडत नाही. रासायनिक क्रिया अशी होते:

चांदी + हायड्रोजन सल्फाइड + ऑक्सिजन → सिल्व्हर सल्फाइड + पाणी

हवेत ओल असली की ही क्रिया जलद होते. चांदी 'गंजली' असे आपण म्हणतो. पण लोखंडासारखा ऑक्साइडचा गंज तिच्यावर चढत नाही. तिच्यावर बसतो तो सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ पापुद्रा.

हे नाणे पाहून त्याने पिशवीतले दिवस कसे काढले ते सांगता येते. ज्या भागावर दुसरे नाणे आडवे पडले होते तो भाग पांढरा राहिला, आणि बाकीच्या भागावर रंग चढला. म्हणून अशा पुष्कळ नाण्यांवर चंद्रकोरीसारखी रंगीत पट्टी दिसते. काही नाण्यांवर तर कॅनव्हासच्या विणीचे उभे-आडवे धागेसुद्धा रंगांत उमटलेले असतात. एक बाजू रंगीत आणि दुसरी कोरी पांढरी, हेही नेहमीचेच.

पण सिल्व्हर सल्फाइड तर काळे असते. मग हे सोनेरी, जांभळे, निळे रंग आले कुठून? येथे रसायनशास्त्र थांबते आणि प्रकाशशास्त्र सुरू होते.

साबणाचे पाणी रंगहीन असते, पण त्याच्या बुडबुड्यावर रंग नाचतात. रॉकेलला रंग नाही, पण पाण्यावर त्याचा तवंग पसरला की रंगांचे पट्टे दिसतात. या रंगांचा पदार्थाशी संबंध थोडा. संबंध आहे तो थराच्या जाडीशी. नाण्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग पापुद्र्याच्या वरच्या पृष्ठावरूनच परत फिरतो. उरलेला आत शिरतो, खालच्या चांदीवर आपटतो आणि मग बाहेर येतो. या दुसऱ्या किरणाला थोडे जास्त अंतर चालावे लागते. दोन्ही किरण बाहेर एकत्र येतात तेव्हा एकाच्या लाटेचा शेंडा दुसऱ्याच्या लाटेच्या खळग्यावर पडला, तर दोघे एकमेकांना मारून टाकतात. यालाच प्रकाशाचे व्यतिकरण म्हणतात.

पांढऱ्या प्रकाशात सगळेच रंग मिसळलेले असतात आणि प्रत्येकाची तरंगलांबी निराळी. जांभळ्याची सर्वांत लहान, सुमारे ४०० नॅनोमीटर. तांबड्याची सर्वांत मोठी, सुमारे ७०० नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पापुद्रा अगदी पातळ असताना आधी आखूड लाटांचा, म्हणजे जांभळ्या-निळ्याचा, बळी जातो. पांढऱ्यातून निळा वजा केला की डोळ्याला काय दिसते? पिवळा. म्हणून नाण्यावर पहिला रंग चढतो तो फिकट सोनेरी. पापुद्रा आणखी जाड झाला की हिरव्याची पाळी येते. तो गेला की तांबडा आणि निळा मिळून किरमिजी रंग दिसतो. मग पिवळा-तांबडा कटतो आणि नाणे निळे दिसू लागते. येथे पहिली रंगमाला संपते, आणि हे सारे शंभर नॅनोमीटरपेक्षाही पातळ थरात होऊन जाते. आपल्या डोक्याचा केस त्याच्या शेकडो पट जाड असतो!

थर वाढतच राहिला तर निळा फिका होत जातो, आणि दुसरी रंगमाला सुरू होते: पुन्हा पिवळा, पुन्हा किरमिजी आणि मग हिरवा. हिरवा रंग ठळकपणे दिसतो तो या दुसऱ्या फेरीतच, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग आहे. त्यानंतर थर इतका जाड होतो की प्रकाश आत जाऊन परत येऊच शकत नाही. मग नाणे करडे, धुरकट आणि शेवटी काळे होते. आजीच्या डब्यातले बाकीचे रुपये या शेवटच्या पायरीवर होते आणि तो एक रुपया वाटेत होता.

तरीही एक शंका उरतेच. रंग सगळ्याच जुन्या चांदीवर चढतात, तर मग काही नाणीच इतकी सुंदर का दिसतात? त्याचे कारण रंगाच्या खाली आहे. टांकसाळीत कोऱ्या चकतीवर ठसा प्रचंड दाबाने आपटतो, तेव्हा धातू क्षणभर मेणासारखा वाहतो, मध्याकडून कडेकडे. या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा नाण्यावर राहतात. कोरे नाणे दिव्याखाली गोल फिरवले तर या रेषांमुळे प्रकाशाचे पट्टे गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात. हीच टांकसाळीची खरी झळाळी. नाणे बाजारात हातोहात फिरले की या रेषा झिजतात आणि झळाळी कायमची जाते. झिजलेल्या नाण्यावरही सल्फाइडचा थर बसतो, पण तो मंद, निर्जीव वाटतो. झळाळी शाबूत असलेल्या नाण्यावर मात्र तोच पापुद्रा आतून उजळल्यासारखा दिसतो.

म्हणूनच संग्राहक आधी नाण्याचा दर्जा पाहतो आणि मग रंग. विल्यम शेल्डन याने १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी सुचवली. ती पुढे सर्व नाण्यांना लागू झाली. ६० ते ७० हे आकडे कधीच वापरात न आलेल्या नाण्यांसाठी. पिशवीतले डॉलर वापरात आलेच नव्हते, मग त्या सर्वांना ७० का मिळत नाहीत? कारण पावणेसत्तावीस किलोंची पिशवी उचलताना, आपटताना आत हजार नाणी एकमेकांवर घासत होती. या डॉलरवर स्वातंत्र्यदेवीचा मोठा, गुळगुळीत गाल आहे. त्यावर दुसऱ्या नाण्याच्या दातेरी कडेचे ओरखडे चटकन दिसतात. ज्या गालावर ओरखडे जवळजवळ नाहीत आणि त्यावर रंगही सुंदर चढला आहे, असे नाणे हजारात क्वचित एखादे सापडते. तशाच पांढऱ्या नाण्याच्या कित्येक पट किंमत त्याला मिळते ती या दोन गोष्टी एकत्र आल्याबद्दल.

मात्र केवळ दुर्मीळ आहे असे समजून पैसे ओतणे किती धोक्याचे असते, याचाही धडा या डॉलरांनीच दिला आहे. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत पाडलेला १९०३ चा कोरा डॉलर अतिशय दुर्मीळ समजला जाई. १९६२ साली त्याची सूचीतील किंमत सुमारे दीड हजार डॉलर होती. त्याच वर्षाच्या शेवटी सरकारी तिजोरीतून जुन्या पिशव्या बाहेर येऊ लागल्या, आणि त्यांत नेमके हेच डॉलर पोत्यांनी निघाले! किंमत एकदम गडगडली. पुढे मार्च १९६४ मध्ये सरकारने डॉलर देणे बंद केले. तिजोरीत उरलेली तीस लाखांना थोडी कमी नाणी १९७२ ते १९८० या काळात टप्प्याटप्प्याने विकली गेली.

रंगीत नाण्याला जास्त दाम मिळतो हे कळल्यावर रंग 'चढवणारे' निघाले, यात नवल नाही. नाणे भट्टीत तापवायचे, गंधकाच्या द्रावणात बुडवायचे किंवा गंधकाचा धूर द्यायचा. वर्षांचे काम काही मिनिटांत उरकते. गंमत अशी की, या नकली थरातही पुष्कळदा सिल्व्हर सल्फाइडच असते. रासायनिक दृष्टीने खरा आणि खोटा यांत फरक काढणे कठीण. मग पारखायचे कसे?

वर सांगितलेला रंगांचा क्रम येथे कामी येतो. खरा थर हळूहळू, बहुधा कडेकडून मध्याकडे वाढतो. त्यामुळे कोऱ्या पांढऱ्या भागाला लागून आधी सोनेरी, मग किरमिजी, मग निळा असेच रंग क्रमाने भेटले पाहिजेत, आणि एकातून दुसऱ्यात अलगद मिसळले पाहिजेत. पांढऱ्याशेजारी एकदम गडद निळा किंवा हिरवा आला, मधल्या पायऱ्याच नाहीत, तर संशय घ्यावा. रंग झळाळीवर तरंगल्यासारखा न दिसता रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखा दिसला, ओरखड्यांच्या आत साचलेला दिसला, तरी संशय घ्यावा. अर्थात ही कसोटी पक्की नव्हे. क्रम जमवणारे कसबी लोकही आहेत, आणि जाणकारांमध्येही एकाच नाण्यावरून वाद होतात. अमेरिकेत १९८६ आणि १९८७ साली नाण्यांचा दर्जा ठरवून ती प्लॅस्टिकच्या बंद डबीत सील करून देणाऱ्या दोन मोठ्या संस्था सुरू झाल्या. घासलेल्या किंवा रंगवलेल्या नाण्याला त्या पूर्ण दर्जा देत नाहीत. तरी डबीवरचा आकडा वाचून नाणे न पाहताच विकत घेणारा माणूस मला तरी संग्राहक वाटत नाही.

विकणाऱ्यावरही जबाबदारी आहे. रंगीत नाणे सरळ धरल्यावर निस्तेज आणि एका विशिष्ट कोनात धरल्यावर भडक दिसते. फक्त भडक कोनातले छायाचित्र दाखवणे, किंवा छायाचित्रातच रंग वाढवणे, ही फसवणूकच होय. नाणे पूर्वी कधी धुतले असेल तर तसे स्पष्ट सांगावे. किंमत कमी येईल, पण नाणे परत येणार नाही.

आता माझ्या घासण्याने काय झाले ते तुमच्या ध्यानात आले असेल. रांगोळीच्या कणांनी वरचा पापुद्रा तर गेलाच, पण खालच्या वाहत्या रेषाही खरवडल्या गेल्या. सल्फाइड पुन्हा चढेल, रेषा पुन्हा येणार नाहीत. घासण्याऐवजी नाणे रसायनात बुडवण्याची पद्धत आहे. थायोयुरिया आणि आम्ल यांचे ते द्रावण सल्फाइड विरघळवते. पण सल्फाइडमधली चांदी मूळ नाण्याचीच असते. म्हणजे प्रत्येक बुडवणीला नाण्याची थोडी साल निघते, आणि दोन-चार वेळांनंतर झळाळी मंद होते.

हे रंग चढताना प्रत्यक्ष पाहायचे असतील तर एक प्रयोग करा. मात्र तो नाण्यावर करू नका. मोडीत द्यायचा चांदीचा चमचा किंवा तुटकी वाटी घरच्यांना विचारून घ्या. साबणाने स्वच्छ धुवा, कोरडी करा आणि धुतलेला भाग बोटाने शिवू नका. एक अंडे पंधरा मिनिटे उकडून त्याच्या चार फोडी करा, आणि गरम असतानाच झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. अंड्याला न लागेल अशा बेताने चांदीची वस्तू आत ठेवून झाकण लावा. अंड्यातील गंधकापासून थोडा हायड्रोजन सल्फाइड निघतो, कुजक्या अंड्याचा वास तोच. दर दहा मिनिटांनी पाहून रंग वहीत लिहा. अंड्याजवळचा भाग पुढे आणि लांबचा मागे, असे रंगांचे पट्टे दिसतील. घरात अंडे आणत नसतील, तर चमच्याला रबरबँड गुंडाळून पावसाळ्यात काही आठवडे तसाच ठेवा. रबर टिकाऊ करताना त्यात गंधक घालतात. बँड काढल्यावर त्याची काळपट रेघ उमटलेली दिसेल.

त्या रेघेवरूनच कळेल की नाण्यांच्या पुडीला रबरबँड कधी लावू नये. लोकर, वर्तमानपत्र, खाकी कागदाची पाकिटे आणि जुन्या पद्धतीचे पुठ्ठ्याचे अल्बम यांतही गंधक असते. अशा अल्बममधल्या नाण्यांच्या कडेने रंगांची वलये उठलेली पुष्कळदा आढळतात. मऊ, लवचीक पी.व्ही.सी. प्लॅस्टिकची पाकिटे तर आणखी वाईट. कालांतराने त्यांतून आम्ल सुटते आणि नाण्यावर हिरवा चिकट थर बसतो. पॉलिएस्टरची पाकिटे चांगली. पाकीट कोरड्या डब्यात ठेवा आणि डब्यात ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी टाका. जो रंग आज सुंदर आहे तो तेथेच थांबावा असे वाटत असेल तर एवढे करावेच लागते. नाहीतर थर आपला वाढतच राहतो, काळा होईपर्यंत.

आता पुन्हा आजीच्या रुपयांकडे येतो, कारण त्यांचे आणि या अमेरिकन डॉलरांचे एक नाते निघते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीची टंचाई झाली. रुपये पुरेनात म्हणून सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची आणि जानेवारी १९१८ मध्ये अडीच रुपयांची नोट काढली. पण लोकांचा कागदावर भरवसा नव्हता. ते नोटा देऊन बंदे रुपये मागू लागले. ब्रिटनने अमेरिकेकडे चांदी मागितली. २३ एप्रिल १९१८ रोजी अमेरिकेत 'पिटमन कायदा' झाला आणि तिजोरीतल्या पिशव्या वितळवण्यासाठी बाहेर निघाल्या. एकूण २७,०२,३२,७२२ डॉलर वितळले, त्यांपैकी २५,९१,२१,५५४ डॉलरांची चांदी ब्रिटनला हिंदुस्थानसाठी विकली गेली. कोणत्या सालची किती नाणी वितळली याची नोंद कोणी ठेवली नाही. १९०३ च्या डॉलरबद्दल सर्वांचा अंदाज चुकला त्याचे एक कारण हेच.

या चांदीचे गणित तुम्हीच करून पाहा. एका डॉलरमध्ये शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन, एका रुपयात १६५ ग्रेन. भागाकार केला की नेमके २.२५ येतात. म्हणजे एका डॉलरच्या चांदीत सव्वादोन रुपये, आणि साऱ्या चांदीत सुमारे ५८ कोटी रुपये!

तेव्हा तुमच्या घरातल्या डब्यात १९१८, १९१९ किंवा १९२० सालचा राजाछाप रुपया असेल तर त्याच्या उलट बाजूला खालच्या कमळापाशी भिंगाने पाहा. तेथे बारीक उठावाचा ठिपका असला तर तो मुंबईच्या टांकसाळीतला. त्यात एखाद्या मॉर्गन डॉलरची चांदी असणे अगदी शक्य आहे. या रुपयांना आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत. त्यामुळे १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याप्रमाणे ते परदेशी विकायला पाठवता येत नाहीत, हेही घरच्यांना सांगून ठेवा. पाहताना रुपया कडेने धरा. आणि यंदा लक्ष्मीपूजनाला चिंच काढलीच, तर ती तांब्याच्या कलशासाठी ठेवा.